नुसतं पाहण्याचे पैसे

दातांच्या व्यवसायात पेशंटला फसवायला खोटं बोलावं लागत नाही. सांगण्याचा क्रम बदलला की भागतं. खोल किडलेल्या दाढेत चांदी भरून ती काही वर्षं चालणार असते, दातासारख्या रंगाचं सिमेंट भरूनही चालणार असते, आणि रूट कॅनल करून कॅप बसवली तरी ते अगदीच चूक ठरत नसतं. मी तिन्ही पर्याय सांगायचो. फक्त कॅप आधी सांगायचो, सावकाश सांगायचो, पेशंटच्या हातात आरसा देऊन सांगायचो. चांदीपर्यंत येईस्तोवर माझे हातमोजे निघालेले असायचे. पेशंट काय निवडणार, हे त्याच्याआधी मला ठाऊक असायचं. आणि सहीच्या कागदावर ‘सर्व पर्याय समजावून सांगितले’ असं छापलेलं होतं, ते अक्षरशः खरं होतं.

आमच्या कामाची घडणच तशी आहे. फिजिशियन औषध लिहितो, विकतो केमिस्ट; रक्त तपासतो तो तिसराच. आमच्याकडे कीड आहे हे सांगणारा मी, ती किती खोल हे ठरवणारा मी, उपाय सुचवणारा मी, तो करणारा मी आणि बिल फाडणाराही मीच. पेशंटला स्वतःची मागची दाढ दिसत नाही. एक्स-रे समोर धरला तर त्यात करड्या रंगाच्या नाना छटा. त्यातली कीड कुठली आणि सावली कुठली, हे त्याला माझ्या बोटाच्या टोकाकडे बघूनच समजून घ्यावं लागतं. एवढे अधिकार एका खुर्चीत तहसीलदारालाही नसतात.

मी शिकलो नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात. १९६८ साली सुरू झालेलं हे कॉलेज मेडिकलच्या आवारात आहे आणि गावात त्याला नुसतं ‘डेंटल’ म्हणतात. गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा इथून रात्रीच्या गाडीनं निघालेली माणसं सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी असायची. तिथं दात काढायला शिकलो, भरायला शिकलो, कवळी बनवायला शिकलो. ओपीडीतले आमचे एक सर तोंड तपासण्याच्या क्रमाबद्दल फार कडक होते. आधी ओठ, मग दोन्ही गाल, जीभ, जिभेखालची जागा, टाळू, घसा. आणि दात सगळ्यांत शेवटी. कुणी थेट दाताकडे गेला की ते आरसा हातातून काढून घेत. ‘दात काय पळून चाललेत?’ म्हणत. आम्ही मागे हसायचो. परीक्षेत मला या तपासणीत चांगले मार्क मिळाले होते, हे मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणाला वाटू नये.

बीडीएसच्या चार वर्षांत एक गोष्ट मात्र कुणी शिकवली नाही: पैसे कसे मागायचे. सरकारी पावतीवरचा आकडा इतका लहान असायचा की तो मागण्यात संकोच वाटायचं कारणच नव्हतं.

पहिला दवाखाना नंदनवनात भाड्याच्या गाळ्यात टाकला. खुर्ची जुनी, कंप्रेसर वडिलांच्या पीएफमधून आलेला. शेजारी किराणा, वर घरमालक. काम झालं की पेशंट विचारायचा, ‘किती झाले जी?’ आणि माझ्या तोंडून मनात ठरवलेल्या आकड्याच्या निम्मा आकडा बाहेर पडायचा. पुढून ‘जास्त सांगता’ असा शब्द आला की त्यातलेही वीस टक्के जायचे. ‘नंतर आणून द्या’ हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की ते माझ्या पाटीवर डिग्रीच्या खाली लिहिलं असतं तरी चाललं असतं. ‘डॉक्टर सस्ता आहे’ अशी वस्तीत ख्याती झाली. त्या काळात मी ती स्तुती समजत होतो.

सस्ता डॉक्टर काटकसर कुठे करतो, हे पेशंटला कळत नाही. रूट कॅनलमध्ये दाताच्या मुळातली नस काढायला केसाएवढ्या बारीक फाइली लागतात. वापरून वापरून त्यांचे पीळ उलगडायला लागतात, तेव्हा त्या फेकायच्या असतात. मी त्या फेकायचो, पण आणखी चार पेशंट झाल्यावर. मध्ये एक एक्स-रे काढून फाइल कुठवर पोचली ते बघायचं असतं. फिल्मचे पैसे वाचावेत म्हणून मी तो अंदाजानं उरकायचो. महालातल्या एका शिंप्याच्या खालच्या दाढेत अशीच एक फाइल तुटली. बोटांना कळतं ते. घासण्याचा खरखर असा प्रतिसाद एकदम थांबतो, आणि बाहेर काढलेली फाइल मघापेक्षा आखूड असते.

फाइल तुटणं हा गुन्हा नाही. भल्याभल्यांच्या हातून तुटते, आणि तुकडा आत राहूनही अनेक दाढा वर्षानुवर्षं नीट राहतात. पेशंटला तिथल्या तिथे सांगायचं, नोंद करायची, लक्ष ठेवायचं, लागलंच तर वरच्या माणसाकडे पाठवायचं, एवढंच करायचं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. बाहेर तीन माणसं बाकावर बसली होती. मी तुकड्यावरच कॅनल भरला, वर सिमेंट लावलं आणि म्हणालो, ‘झालं.’ पुढे त्या दाढेला सूज आली तेव्हा मी गावाला गेलो होतो. तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तिथं एक्स-रे निघाला आणि मुळात पांढरी लख्ख रेघ दिसली. दाढ काढावी लागली. नंतर तो ती फिल्म घेऊन माझ्याकडे आला. भांडायला आला नव्हता. फिल्म टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, हे काय होय जी?’

मी सांगितलं काय ते. तो म्हणाला, ‘मग तवाच सांगाचं नं. मी काय पैसे वापस मागतले असते?’

बहुतेक मागितले असते. आणि ते द्यायला माझ्याकडे नव्हते, कारण मी इतके कमी घेतले होते की ते त्याच आठवड्यात संपले होते. कमी पैसे घेणं म्हणजे प्रामाणिक असणं, असं मी समजून चाललो होतो. प्रत्यक्षात मी स्वतःला भला माणूस म्हणवून घेत होतो आणि त्याचं बिल पेशंटच्या दाढेवर लावत होतो. घरखर्च माझ्या बायकोच्या शाळेच्या पगारावर चालायचा. ती एकदा म्हणाली होती, ‘अहो, धर्मादाय दवाखाना काढायचा तर तसं तरी सांगा, म्हणजे मी देणगीची पावती मागेन.’

यातून मी जो धडा घेतला तो नेमका चुकीचा होता. मला वाटलं, आपलं चुकतंय ते पैशांच्या बाबतीतच. पैसे आले की बाकीचं सुधारेल.

मग धरमपेठ. बँकेचं कर्ज, दोन खुर्च्या, काचेचं दार, आत शिरलं की औषधाऐवजी अत्तराचा वास. तोवर नागपुरात चित्र बदललं होतं. हिंगण्याच्या बाजूला दोन खासगी दंत महाविद्यालयं झाली होती, वर्ध्याजवळ सावंगीला एक. दर वर्षी नव्या पाट्या लागत होत्या आणि प्रत्येक पाटीमागे एक हप्ता असणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मी नवीन यंत्रं घेतली, नवीन फाइली घेतल्या, एक्स-रे संगणकावर दिसायला लागला. हे सारं पेशंटच्या भल्याचंच होतं. खोटं काहीच नव्हतं. फक्त दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेला पेशंटच्या भल्याशी देणंघेणं नसायचं.

शहरातल्या एका हॉटेलात ‘प्रॅक्टिस वाढवा’ असं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथं दाताबद्दल एक अक्षर निघालं नाही. सांगितलेल्यापैकी किती पेशंट ‘हो’ म्हणतात त्याचं गणित कसं मांडायचं, किंमत कधी सांगायची, नाही म्हणणाऱ्याला रिसेप्शनिस्टनं केव्हा फोन करायचा, हे होतं. मी वही भरून घेतली. परत येऊन हत्यारं उकळायच्या खोलीत, पेशंटला दिसणार नाही अशा भिंतीवर, एक पांढरा फळा लावला. त्यावर महिन्याचं लक्ष्य आणि रोजची भर. संध्याकाळी हात धुताना नजर तिथं जायची. काटोल-नरखेडकडच्या संत्र्यावाल्यांच्या हातात आंबिया बहाराचे पैसे केव्हा येतात आणि मृग बहाराचे केव्हा, सोयाबीन-कापूस केव्हा विकला जातो, लग्नसराई केव्हा लागते, हे मला कृषी खात्याइतकं पाठ झालं होतं. दाढा बाराही महिने सारख्याच किडतात. कॅपा मात्र माझ्याकडे हंगामात लागायच्या.

लग्न ठरलेली एक मुलगी आली. वरचे चार पुढचे दात जरासे वाकडे, पण निरोगी. तारा लावून ते सरळ झाले असते, वर्ष-दीड वर्षात. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताचं. मी चार कॅपा सुचवल्या. त्यासाठी निरोगी दात चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर घासावा लागतो. दातावरचं ते कवच शरीर पुन्हा तयार करत नाही; हाड जुळतं, कातडी भरून येते, हे मात्र गेलं की गेलं. मला हे माहीत होतं आणि मी तिला ते सांगितलंही, घाईनं, सहीच्या कागदाबरोबर. फोटो सुंदर आले. तिच्या परवानगीनं एक मी वेटिंग रूममध्ये लावला. काही वर्षांनी ती मुलाला कडेवर घेऊन आली. चारातल्या एका दाताची नस मेली होती, हिरडीवर पुळी. मी कॅपेतून भोक पाडून रूट कॅनल केलं. तिनं तक्रार केली नाही. मी त्याचेही पैसे घेतले.

तिला मी किती पर्याय दिले होते, ते आठवून बघितलं. तारा, कॅपा, पातळ कवचं. ‘तसेच राहू द्या, छान दिसतात’ हा पर्याय त्यात नव्हता. त्याला दरपत्रकात ओळ नव्हती.

याच काळात एका स्कॅन सेंटरकडून दिवाळीला मिठाईचा डबा यायला लागला, आणि मग दिवाळी नसतानाही पाकीट. २०१४च्या दंतवैद्यांच्या आचारसंहितेत असं कमिशन घेणं हा गैरव्यवहार आहे, आणि त्याआधीही ते कुणाला पुण्य वाटत नव्हतं. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध कायद्याचा मसुदा करवून घेतला, तेव्हा आम्हा मित्रांच्या बैठकीत तावातावानं चर्चा झाली. मी सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध बोललो. पाकिटानं माझं एवढंच केलं होतं की ज्यांना साधा एक्स-रे पुरला असता त्यांनाही मी ‘एकदा स्कॅन करून घेऊ, शंका नको’ म्हणू लागलो होतो. शंका मला नव्हतीच. पाकीट रक्कम म्हणून किरकोळ होतं. इतक्या स्वस्तात मी विकला गेलो, याचं वाईट नंतर वाटलं.

इथपर्यंतचं मी मित्रांत हसत हसत सांगत आलो आहे. पुढचं तसं सांगता येत नाही.

अमरावती रस्त्यावर वाडीला ट्रान्सपोर्ट कंपन्यांची रांग आहे. तिथल्या एका कंपनीत बुकिंग बघणारा, चाळिशीतला माणूस आला. खालची डावी पहिली दाढ अर्धी तुटलेली, रात्रभर ठणका. तोंड पुरतं उघडत नव्हतं. सर्वसाधारण माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. याच्या तोंडात दोनही अडत होती. खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोट घोट घोटतात आणि ती पुडी माणूस दिवसभर गालात धरतो. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा घोटला जातच राहिला. सुपारीनं गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली कठीण दोऱ्या तयार होतात, गाल ताठतो, जबडा आवळत जातो. तंबाखू सोबत नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४च्या ग्रंथात नोंदवलं आहे. नागपुरात दातांचं काम करणाऱ्याला हे वाचावं लागत नाही. दिवसाआड एक तरी असं तोंड समोर येतं.

त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘तिखट खाल्लं का इथं आग होते जी. सावजी तं बंदच झालं.’ आणि डाव्या गालावर बाहेरून बोट ठेवलं होतं. मी आत बघितलं. तुटक्या दाढेसमोर गालाला एक जखम होती, काठ पांढरट. मी म्हणालो, ‘दाढेची धार लागते आहे, घासून देतो.’ धार घासली, वरून लावायला जेल लिहून दिलं.

तिथवर चुकलं नव्हतं. धार असेल तर ती आधी घासायचीच असते. पण कारण दूर केल्यावर जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. मी स्वतः शिकाऊ मुलांना हे सांगत असे, वर ‘विसरलात तर गळा धरीन’ असंही म्हणत असे.

दाढेचं काम महिनाभर चाललं. दोन बोटांपुरत्या उघडणाऱ्या तोंडात मागच्या दाढेचं रूट कॅनल करणं सोपं नसतं. फाइल वाकवून घालावी लागते, मान मोडते. मी ते जिद्दीनं केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. दर खेपेला डाव्या हातातल्या आरशानं त्याचा गाल बाजूला सारायचो, म्हणजे दाढ नीट दिसावी. जखम आरशाच्या पाठीमागे जायची. दर खेपेला. तो एकदा म्हणाला, ‘आग तं होतेच अजून.’ मी म्हणालो, ‘कॅप बसली की गुळगुळीत होईल.’ त्या दिवशी कॅपेचं माप घ्यायचं होतं आणि त्यानं निम्मे पैसे आणले होते.

कॅप बसली. उरलेले पैसे त्यानं दोन हप्त्यांत दिले. मी वॉरंटी कार्ड दिलं.

पुढे काही महिन्यांनी तो मुलाला घेऊन आला तेव्हा तोंड उघडणं बाजूलाच राहिलं, जबड्याखाली गाठ होती, सुपारीएवढी, दगडासारखी. मी गाल ओढून बघितला आणि लगेच सोडला. मानेवाडा रस्त्यावरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत ‘जखम केव्हापासून’ या जागी मी ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ असं लिहून पुढे मोघम काहीतरी लिहिलं. केव्हापासून, हे मला तारखेनिशी माहीत होतं.

ऑपरेशन झालं. गाल, मानेतल्या गाठी आणि खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागला, मग रेडिएशनचा शेक. त्या काढलेल्या हाडात माझी कॅपही गेली. तिच्या वॉरंटीची चार वर्षं बाकी होती.

त्या रात्री मी त्याचा केसपेपर काढला. दाढेचा क्रमांक ३६. कॅपेचा रंग, कॅनलांची लांबी मिलिमीटरच्या अर्ध्यापर्यंत, किती पैसे आले, किती बाकी, सगळं सुवाच्य. गाल, जीभ, टाळू यांच्यासाठी छापलेला रकाना होता, तो कोरा. मग मी मागचे केसपेपर काढत गेलो. बहुतेकांत तो रकाना कोरा होता. पूर्वी, नंदनवनातल्या जुन्या कागदांत, तिथं निदान ‘ठीक’ असं तरी खरडलेलं असायचं. संगणकात त्या दाढेचे फोटोही होते. अवघड केस म्हणून मी ते जपून ठेवले होते. एका फोटोत कोपऱ्यात, आरशाच्या कडेला, तो पांढरट काठ स्पष्ट दिसतो. फोटो मी अनेकदा मोठा करून बघितला होता, दाढेसाठी.

लोभानं माणूस खोटं बोलतो, असं मी समजत होतो आणि मी खोटं बोलत नव्हतो म्हणून निर्धास्त होतो. लोभानं माझी नजर बदलली होती, जीभ नव्हे. ज्याचं बिल होतं तेवढंच मला दिसायला लागलं होतं. गालाचं बिल होत नाही. नंदनवनात गरिबीनं एक्स-रे गाळला होता, धरमपेठेत श्रीमंतीनं गाल गाळला.

त्याची बायको एकदा दवाखान्यात आली. बाकावर वाट बघत बसली, नंबर आल्यावर आत येऊन उभ्याउभ्याच म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, ते कॅपचे पैसे काही वापस भेटतीन काय?’ आवाजात राग नव्हता. शेकासाठी रोज जायचं, ऑटोचा खर्च, कंपनीतून बिनपगारी रजा. कुठून कुठून काही परत मिळेल त्याची यादी करून निघाली असावी. मी सगळे पैसे दिले, वर थोडे जास्त दिले, पाकिटात घालून दिले. ती हात जोडून गेली. पाकीट देताना मला जे हलकं वाटलं, ती आणखी एक चूक होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मी देवमाणूस ठरलो होतो.

मुलाला मी सांगितलं, तेही बऱ्याच उशिरा, तो वडिलांचे कागद मागायला आला तेव्हा. म्हणालो, ती जखम मला पहिल्या दिवशी दिसली होती, मी पुन्हा बघायला हवी होती, बघितली नाही. तो पोरगा पॉलिटेक्निकला होता. थोडा वेळ कागद उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, ‘आमालेबी दिसत होती. पण तुमी काही म्हणलं नाही, तं आमी समजलो का काही नसन.’

डॉक्टर गप्प बसला की पेशंटच्या घरी त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा होतो, हे मला त्या मुलानं शिकवलं. कागद घेऊन तो गेला. पुढे काही केलं नाही त्यानं. केलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी सुधारलो वगैरे लिहायचा मोह होतो, पण हिशेब तेवढा सरळ नाही. फळा काढला. पाकीट घेणं बंद केलं. त्या सेंटरनं मिठाईसुद्धा बंद केली, तेव्हा मिठाई कशाची होती तेही कळलं. कर्जाची मुदत वाढवून घेतली, दुसरी खुर्ची विकली. उत्पन्न खाली आलं आणि ते पुन्हा त्या उंचीवर गेलं नाही. बायकोनं वह्या बघून एवढंच म्हटलं, ‘आता देणगीची पावती मागू का?’

नफ्याचा मला राग येत नाही. नंदनवनच्या दिवसांतला तो शिंपी आठवला की तो येऊच शकत नाही. फाइली वेळेवर फेकायच्या तर त्याचे पैसे कुणीतरी द्यायला लागतात. माझा घोळ वेगळा होता: मी पैसे फक्त काहीतरी करण्याचे घेत होतो. बघण्याचे नाही, थांबण्याचे नाही, ‘काही करायची गरज नाही’ हे सांगण्याचे तर नाहीच. मग ज्याचे पैसे नाहीत ते हळूहळू गळत गेलं.

आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात सुरू केलं. त्याचा खर्च भागावा म्हणून त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान चालवलं. कॉलेजात असताना ही आम्हाला गमतीची गोष्ट वाटायची. आता मला त्यांचा हेवा वाटतो: सोडा एका दुकानात आणि दात दुसऱ्या. सोडा जास्त खपला म्हणून कुणाचा दात घासला जात नव्हता. माझी दोन्ही दुकानं एकाच खुर्चीत होती आणि राहणारही आहेत. मला सोडा विकता येत नाही. तेव्हा निदान दरपत्रक तरी नीट करायचं ठरवलं.

आता दवाखान्यात पहिली ओळ आहे ती तोंड तपासण्याची, तिचे वेगळे पैसे. ओठ, गाल, जीभ, जिभेखाली, टाळू, घसा, मग दात. आणि कागदावर प्रत्येक रकाना भरलेला. काही निघालं नाही तर ‘काही नाही’ असं लिहून सही करून देतो. खर्रा खाणाऱ्याची बोटं तोंडात मावतात किती, तेही लिहितो, म्हणजे पुढच्या खेपेला कमी झाली का ते त्यालाही कळतं. यात दोनदा तरी असं काही सापडलं की ज्याची चिठ्ठी लगेच लिहावी लागली. ते माझ्या जमेला धरू नये. जे आधी सुटले असतील त्यांची मोजदाद माझ्याकडे नाही.

हे फार चालत नाही. माझ्याच रस्त्यावर ‘मोफत दंत तपासणी’ असे तीन फ्लेक्स आहेत, आणि मोफत तपासणीत काय काय निघतं ते मी आयुष्यभर काढत आलो आहे. पेशंट रिसेप्शनवर विचारतो, ‘नुसतं पाह्याचे पैसे?’ मुलगी त्याला समजावते. काही जण बसतात, काही जण काच ढकलून फ्लेक्सकडे जातात. त्यांतल्या एखाद्याच्या गालात डाव्या बाजूला फुगवटा असतो आणि मला जागेवरून उठून त्याला हाक मारावीशी वाटते. कधी मारतो. कधी आत पेशंट असतो.

मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, दुपारभर खुर्ची रिकामी असते आणि पाच तारीख जवळ आलेली असते. तेव्हा दरपत्रकातली ती पहिली ओळ खोडून टाकावी, असं मला दर वर्षी वाटतं. बायको म्हणते, जूनपर्यंत थांबा. जूनमध्ये पेशंट येतात.